आधी जागा बघा, मग नाव द्या: फुलझाडाचे भाग ओळखायला शिकताना

शाळेत जवळपास सगळ्यांनीच जास्वंदीच्या फुलाची आकृती काढलेली असते. निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग ही चार नावं परीक्षेपुरती पाठही होतात. पण पुढे कधी बोगनवेलीचा झुबका समोर धरून कुणी 'यातल्या पाकळ्या दाखवा' म्हटलं, की बोट हमखास त्या गुलाबी, कागदासारख्या भागावर जातं. त्या पाकळ्या नव्हेत. आपण रंग आणि आकार बघून नाव देतो, आणि नेमक्या याच दोन बाबतींत झाडं वाटेल ती सोंगं घेतात. शिस्त पाळतात ती जागेची. कोणता भाग कशाच्या बगलेतून निघालाय, कशाच्या बाहेर आहे, कशाच्या आत आहे, हे बघायची सवय लागली की अनोळखी झाडापुढेही अडत नाही.

ती सवय कशी लावायची, ते इथे पायरीपायरीने सांगतो. वनस्पतिशास्त्र शिकलेलं असायची गरज नाही. लागणारं सगळं पुण्यात येता-जाता मिळतं: सकाळची फुलपुडी, मंडईतली भाजी, गच्चीवरच्या कुंड्या आणि सुट्टीच्या दिवशी टेकडी. फक्त क्रम मोडू नका. बरेच जण थेट फुलावर उडी घेतात आणि तिथेच गोंधळतात. खोड आणि पान नीट कळलं, तर फूल निम्मं कळल्यासारखं असतं.

हाताशी काय हवं

दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, दाढीचं नवं ब्लेड, एक जाड सुई, पांढरा कागद आणि वही-पेन्सिल. भिंग डोळ्याजवळ धरायचं आणि फूल भिंगाकडे आणायचं. हात लांब करून भिंग फुलावर धरलं तर काहीच धड दिसत नाही. मोबाइलचा कॅमेरा चालतो, पण तो भिंगाची जागा घेत नाही. फोटो काढला की बघणं थांबतं, असा माझा अनुभव आहे.

एक खबरदारी आधीच सांगून ठेवतो. कण्हेर, बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर, धोत्रा, रुई आणि कळलावी ही झाडं विषारी आहेत. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर मोठा त्रास होतो. मुलं सोबत असतील तर या पाचांना नुसतं लांबून बघायचं, आणि कुठलंही फूल चिरून झालं की हात धुवायचे.

पायरी १: पान कुठे सुरू होतं ते शोधा

कढीपत्त्याची एक डहाळी घ्या. फोडणीत आपण जी 'पानं' टाकतो त्यातलं एक तोडून बाजूला ठेवा आणि ते जिथे जोडलेलं होतं ती जागा भिंगातून बघा. तिथे काही नाही. आता ती पूर्ण काडी, जिला दोन्ही बाजूंनी अशी पंधरा-वीस 'पानं' लागली आहेत, ती डहाळीला जिथे चिकटते ती बेचकी बघा. तिथे एक बारीकशी हिरवी गाठ असते. ती कळी, म्हणजे उद्याची फांदी.

पान ओळखायचा हा सगळ्यात भरवशाचा नियम: पानाच्या बगलेत कळी असते. म्हणजे ती अख्खी काडी मिळून कढीपत्त्याचं एक पान झालं आणि फोडणीत पडतात त्या त्याच्या पर्णिका. असल्या पानाला संयुक्त पान म्हणतात. बेलाचं त्रिदल हेही तीन पर्णिकांचं एकच पान. शेवग्याच्या पाल्यात तर पान तीनदा विभागलेलं असतं. आपण भाजीसाठी जे ओरबाडून घेतो ते त्या पानाचे अगदी शेवटचे तुकडे.

खोडावर पान जिथून फुटतं ती जागा म्हणजे पेर, आणि दोन पेरांमधलं अंतर म्हणजे कांडं. उसामुळे हे शब्द आपल्याकडे शिकवावे लागत नाहीत. पानाच्या पसरट भागाला पर्णपत्र, कडेला पर्णधारा, टोकाला पर्णाग्र आणि खोडाला चिकटलेल्या बुडाला पर्णतल म्हणतात. जास्वंदीत आणि गुलाबात बुडाशी दोन बाजूंना छोटे हिरवे पापुद्रे दिसतील, ती उपपर्णं. ही नावं आज वाचून सोडून द्या, वापरता वापरता बसतील.

आता तुळशीकडे जा. खोड बोटांत फिरवून पाहा, ते चौकोनी लागेल. पानं समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोनात असते. प्रत्येक पानाच्या बगलेत कळी आहेच. शेंडा खुडला की याच कळ्या जोर धरतात आणि तुळस डेरेदार होते, कारण शेंड्याची कळी असेपर्यंत ती खालच्या कळ्यांना दाबून ठेवते. घरोघरी मंजिऱ्या आणि शेंडे खुडतात ते यामुळेच उपयोगी पडतं.

हाच नियम काट्यांना लावा. बोगनवेलीचा काटा पानाच्या बगलेत असतो, म्हणजे फांदी व्हायची ती काटा झाली. लिंबाचंही तसंच. गुलाबाचे काटे मात्र खोडावर कुठेही, पानाशी काही संबंध नसल्यासारखे विखुरलेले असतात आणि अंगठ्याने बाजूला दाबले की सालीसकट निघतात. ती फक्त सालीची वाढ आहे. वरून दोन्ही टोचतात सारखेच.

गणपतीच्या दिवसांत बाजारात पत्रीचे वाटे येतात तेव्हा एक जादा घ्या. आघाडा, शमी, बेल, डोरली, रुई, दूर्वा, पिंपळ, जाई असं सगळं एकाच वाट्यात मिळतं. पूजेआधी अर्धा तास काढून प्रत्येकाची तीन प्रश्नांवर वाटणी करा: पान साधं की संयुक्त, पेरावर एक पान की दोन, शिरा जाळीदार की समांतर. दूर्वांच्या शिरा समांतर निघतील आणि पानाचं बूड खोडाला वेढून बसलेलं दिसेल. दूर्वा, ऊस, ज्वारी, केळ, कांदा यांच्या बीला एकच बीजपत्र, म्हणजे बीतलं पहिलं पान, असतं. बाकीच्या पत्रीचं बी बहुतेक दोन बीजपत्रांचं. फुलापर्यंत पोचल्यावर हा फरक पुन्हा भेटेल.

पायरी २: जमिनीखालचं सगळं मूळ नसतं

उपासाला बटाटा आणि रताळं दोन्ही घरात येतात, तेव्हा ती शेजारी ठेवा. बटाट्यावर डोळे आहेत. प्रत्येक डोळ्याखाली भुवईसारखी एक रेघ दिसते. ती गळून गेलेल्या खवल्यासारख्या पानाची खूण, आणि डोळा म्हणजे त्याच्या बगलेतली कळी. पान आहे, बगल आहे, कळी आहे, म्हणजे बटाटा हे खोड ठरलं. रताळ्यावर असे ठराविक क्रमाने मांडलेले डोळे सापडत नाहीत, कारण ते मूळ आहे. आल्यावर गोल कडी आणि कागदी खवले दिसतात. ती पेरं, म्हणून आलंही खोडच. हळदीचं तसंच.

कांदा उभा कापा. तळाशी जी कडक चकती आपण काढून टाकतो तेवढंच खोड. तिच्या खालून मुळं फुटतात आणि वरच्या जाड पाकळ्या म्हणजे पानांची फुगलेली बुडं. जोडकांदा निघाला तर नीट बघा, बगलेतली कळी वाढून दुसरा कांदा झालेला असतो. गाजर-मुळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ती सोटमुळं, आणि पाल्याचा झुबका लागलेला वरचा तेवढा तुकडा खोडाचा.

पायरी ३: जास्वंद, सावकाश

फुलासाठी जास्वंदच घ्या, पण एकेरी. दुहेरी जास्वंदीत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात आणि पहिल्याच फुलात डोकं चक्रावतं. (एकेरी फूल पचल्यावर दुहेरी जरूर बघा. आतल्या एखाद्या चुरगळलेल्या पाकळीच्या कडेला अर्धवट परागकोश चिकटलेला सापडतो, आणि ती मुळात कोण होती ते तीच सांगते.)

फूल देठाने धरा आणि बाहेरून आत या. हा क्रम कधीही बदलू नका.

देठाचं वरचं टोक, ज्यावर सगळं उभं आहे, ते पुष्पासन. त्याच्या लगेच वर हिरव्या, अरुंद पट्ट्यांचं एक चक्र दिसेल. ते उपनिदलांचं, आणि सगळ्या फुलांत नसतं. भेंडी, कापूस, जास्वंद या गोतावळ्यात सापडतं. त्याच्या आत पाच दात्यांचा हिरवा पेला, तो निदलपुंज. कळी असताना यानेच सगळं झाकून ठेवलेलं होतं. त्याच्या आत पाच पाकळ्या, म्हणजे दलपुंज. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी खाली, असा पीळ असतो. कळी हातात घेऊन पाहिली तर तो जास्त स्पष्ट दिसतो.

आता मधली दांडी. अनेकांना ती एकच गोष्ट वाटते, आणि जास्वंद शिकायला उत्तम का, ते इथेच कळतं. दांडीवर जिथे पिवळे दाणे आहेत तिथे भिंग लावा. प्रत्येक दाणा एका बारीक तंतूवर आहे. दाणा म्हणजे परागकोश, तंतू आणि परागकोश मिळून एक पुंकेसर. सगळ्या पुंकेसरांचे तंतू खाली जुळून एक नळी झाली आहे, तिला धरून पुमंग म्हणायचं. एखादा परागकोश पिकून फुटलेला असेल तर परागकण सुटे मोजता येतील इतके मोठे दिसतात.

सुईच्या टोकाने ती नळी वरून खालपर्यंत चिरा, घाई न करता. आत एक पांढरट दोरा निघेल. तो वर गेला की पाच फाटे होतात आणि प्रत्येक फाट्याच्या टोकावर मखमली गोंडा असतो. गोंडे म्हणजे कुक्षी. पराग तिथे उतरायचे. दोरा म्हणजे कुक्षीवृंत. त्याचा माग काढत खाली या, पाकळ्या अलगद ओढून टाका. पाकळ्यांसोबत पुंकेसरांची नळीही निघून येते, कारण दोघांची बुडं जुळलेली आहेत. निदलपुंजाच्या पेल्यात एक छोटा, हिरवट-पांढरा, टोकदार गोळा उरतो. तो अंडाशय. ब्लेडने आडवा कापा. हाताला बुळबुळीत लागेल. पाच कप्पे दिसतील आणि मधल्या खांबाला चिकटलेले पांढरे ठिपके, ती बीजांडं. अंडाशय, कुक्षीवृंत, कुक्षी मिळून जायांग.

बाहेरून आत: निदल, दल, पुमंग, जायांग. फूल ओळखीचं असो की नसो, हीच रांग. एखादं चक्र गाळलेलं असेल, जुळलेलं असेल, रंग बदललेलं असेल, पण निदलाच्या बाहेर पाकळी किंवा पाकळीच्या बाहेर पुंकेसर असं होत नाही.

जुन्या मराठी पुस्तकांत आणि मराठी विश्वकोशात यांनाच संवर्त, पुष्पमुकुट, केसरमंडल आणि किंजमंडल म्हटलेलं सापडेल. गडबडू नका, चक्रं तीच.

बागेतल्या जास्वंदीला आपल्याकडे सहसा फळ धरत नाही. म्हणून पुढची गोष्ट बघायला भेंडीचं रोप लावा. फूल तीच रचना दाखवतं, फक्त पिवळं आणि आत गडद जांभळं. पाकळ्या गळाल्या की अंडाशय रोज लांबतो. भेंडी आडवी चिरल्यावर जे पाच कप्पे दिसतात ते जास्वंदीत ब्लेडने कापताना पाहिलेलेच आहेत.

पायरी ४: चक्रं कुठे हरवतात

पाऊस सरत आला की प्राजक्ताचा सडा पडतो. त्यातलं एक फूल उचला आणि रांग लावा. निदल शोधा. सापडणार नाही. केशरी नळी आणि पांढऱ्या पाकळ्या म्हणजे जुळलेला दलपुंज. नळीच्या तोंडाशी भिंग लावलं तर आतून चिकटलेले दोन पुंकेसर दिसतात. बस, एवढंच. निदलपुंज आणि अंडाशय अजून फांदीवर आहेत. मान वर करून बघा, छोटे हिरवे पेले तसेच राहिलेले दिसतील, आणि काही आठवड्यांत त्याच जागी दोन बियांची चपटी, गोलसर फळं लागतील. जाई-जुईतही पुंकेसर दोनच. जाई, जुई, मोगरा, प्राजक्त हे एकाच कुळातले.

वाटाण्यासारखं फूल कसं असतं ते शिकायला गिरिपुष्प घ्या. वनीकरणात लावलेल्या या परदेशी झाडाने पुण्याच्या टेकड्या भरून गेल्या आहेत, त्यामुळे चार फुलं घेतली तर कुणाचं काही बिघडत नाही. थंडी सरताना फिकट गुलाबी फुलोरे येतात. एक मोठी पाकळी पाठीशी उभी, तो ध्वज. दोन बाजूंना दोन पंख. खाली दोन जुळून झालेली नाव. नाव सुईने उघडा. आत दहा पुंकेसर आहेत, नऊ जुळलेले आणि एक सुटा. त्यांच्या कुशीत हिरवी चपटी पट्टी, ती भावी शेंग. गोकर्णही याच घरातली, पण तिचं फूल उलटं होऊन येतं, त्यामुळे ध्वज खाली पसरतो आणि मधमाशीला बसायला जागा होते.

गच्चीवर भोपळा, दोडका, काकडी लावणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते: फुलं भरपूर येतात आणि गळून जातात, फळ धरत नाही. याचं उत्तर रचनेत आहे. या वेलींवर नरफुलं वेगळी आणि मादीफुलं वेगळी. नरफुलाचा देठ सरळसोट. मादीफुलाच्या पाकळ्यांखाली इवलासा भोपळा आधीच असतो, तो अंडाशय. वेलीवर सुरुवातीला नरफुलंच जास्त येतात आणि ती गळणारच, त्यात झाडाचा काही दोष नाही. मादीफुलंही पिवळी पडून गळत असतील तर पराग पोचत नाहीयेत. भोपळ्याचं फूल पहाटे उघडतं आणि उन्हं चढली की मिटतं, म्हणून सकाळी लवकर एक ताजं नरफूल तोडा, पाकळ्या काढून टाका आणि मधला पिवळा खांब मादीफुलाच्या कुक्षीवर सगळीकडून अलगद फिरवा. परागकण कुक्षीला चिकटलेले भिंगातून दिसतात.

बारा महिने हाताशी असणारा नमुना हवा असेल तर मसाल्याच्या डब्यातली लवंग घ्या. लवंग ही वाळवलेली कळी. गरम पाण्यात भिजवून मऊ करा. वरची चार टोकं म्हणजे निदलं, मधली गोळी म्हणजे चार मिटलेल्या पाकळ्या. गोळी नखाने उचलली की आत आखडून बसलेले असंख्य पुंकेसर आणि मधोमध कुक्षीवृंत दिसतो. अंडाशय कुठे? निदलांच्या खाली, दांडीसारख्या दिसणाऱ्या भागात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पायरी सहामध्ये लागेल.

पायरी ५: एक फूल की फुलांची वस्ती

दसऱ्याला झेंडूची रास घरात असतेच. एक फूल उभं फाडा आणि एकच 'पाकळी' बुडापासून उपटा. तिचं खालचं टोक काळसर, लांबट असतं, त्यावर फिकट खवले असतात, आणि पिकलेलं असेल तर ते टोक म्हणजेच आपण पेरतो ते झेंडूचं 'बी'. पाकळीला स्वतःचा अंडाशय असतो का? नसतो. ते पूर्ण फूल आहे. झेंडू म्हणजे शेकडो फुलांचा फुलोरा, आणि बाहेरचा हिरवा पेला निदलपुंजाचा नसून सहपत्रांचा, म्हणजे फुलांना लागून येणाऱ्या पानांचा. शेवंती, सूर्यफूल, पावसाच्या अखेरीस सिंहगडाच्या वाटेवर फुलणारी सोनकी, सगळी याच कुळातली.

आता बोगनवेल. तीन रंगीत पाती, आणि प्रत्येक पात्याच्या मधल्या शिरेला चिकटलेली एक बारीक नळी, वर पांढरट चांदणी. ती नळी म्हणजे फूल. रंगीत भागावर शिरा बघा, पानासारख्या. फूल त्याच्या कुशीतून निघालंय, म्हणून ते सहपत्र. नळीत निदल आणि दल असे वेगळे भाग नाहीत, एकच चक्र आहे.

केळफूल निवडणाऱ्या बायकांना हे सगळं हाताने ठाऊक असतं. जांभळट सोप उचललं की खाली फण्यांची ओळ: सोप हे सहपत्र आणि प्रत्येक बारीक काडी हे एक फूल. निवडताना प्रत्येक फुलातून दोन गोष्टी काढून टाकतात, कारण त्या शिजत नाहीत: एक पारदर्शक पापुद्रा आणि एक कडक, डोकं असलेली दांडी. पापुद्रा हे सुटं परिदल (निदल आणि दल असा भेद नसला की त्या पाकळीला हे नाव), आणि दांडी म्हणजे कुक्षी आणि कुक्षीवृंत. बाजारात येणाऱ्या केळफुलात नरफुलं असतात. मादीफुलं घडाच्या बुडाकडे आधीच येऊन त्यांची केळी झालेली असतात. नरफुलातल्या त्या दांडीला फळ धरवायचं काम नसतं, तरी ती असते.

पावसात कणीस घ्याल तेव्हा सोलायच्या आधी थांबा. त्यावरचे केस म्हणजे लांबच लांब कुक्षीवृंत आणि कुक्षी, आणि एकेक केस एकेका दाण्यापर्यंत जातो. ताटाच्या शेंड्यावरच्या तुऱ्यात नरफुलं असतात, तिथले पराग या केसांवर पडतात. ज्या केसाला पराग मिळाला नाही त्याचा दाणा भरत नाही, म्हणून कणसात मध्येच रिकाम्या जागा दिसतात. सोलताना एक केस न तोडता त्याच्या दाण्यापर्यंत माग काढून बघा, जमतं.

उंबराचं फूल बघायचं तर खोडाला लागलेलं कच्चं उंबर उभं कापा, उघड्यावर, कारण आतून कीटक उडतात. आतल्या भिंतीवर दाटीवाटीने बसलेले कण म्हणजे फुलं. टोकाच्या बारीक छिद्रातून शिरणारी इवली गांधीलमाशी त्यांचं परागीभवन करते. वड, पिंपळ, अंजीर सगळ्यांची व्यवस्था हीच.

पायरी ६: फळाचा मुकुट कुठे आहे?

ही माझी सगळ्यात आवडती पायरी, आणि यासाठी फळवाल्याची गाडी पुरेशी आहे.

वांगं हातात घ्या. देठाशी काटेरी हिरवी टोपी, ती निदलपुंज. फळ तिच्या वर, म्हणजे फुलातही अंडाशय निदलांच्या वर होता. याला ऊर्ध्वस्थ अंडाशय म्हणतात. टोमॅटोची हिरवी चांदणीही देठाशीच. चिकूला देठाशी निदलं आणि दुसऱ्या टोकाला काट्यासारखं टोक, ते कुक्षीवृंताचं उरलेलं बूड. लिंबाचंही तसंच.

आता डाळिंब घ्या. मुकुट देठाच्या विरुद्ध टोकाला! त्यात बोट घातलं तर वाळलेले पुंकेसरही लागतात. म्हणजे निदलं आणि पुंकेसर वर, अंडाशय त्यांच्या खाली: अधःस्थ. पेरूचा मुकुटही तळालाच. केळ्याचं काळं टोक म्हणजे गळलेल्या फुलाची जागा. काकडीच्या टोकाला कधी कधी सुकलेलं फूल चिकटलेलंच येतं. आणि लवंग आठवा, तिची चार टोकं वर होती, अंडाशय खाली. पेरू, जांभूळ आणि लवंग एकाच कुळातली आहेत. जांभळाच्या टोकाला दिसणारी गोल खळगी हीही मुकुटाचीच खूण.

एकदा हे दिसलं की फळ बघून फूल सांगता येतं, आणि फूल बघून फळाचं तोंड कुठे येईल ते सांगता येतं. मुलांना हा खेळ फार आवडतो.

काही फळं नियमाच्या आडोशाने जातात. पुरंदरकडून येणाऱ्या सीताफळाचा प्रत्येक डोळा म्हणजे एकेक सुटा स्त्रीकेसर (जायांगाचा एक घटक), ते सगळे मिळून एक फळ होतं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा लाल गर हे फुगलेलं पुष्पासन आणि त्यावरचे दाणे ही खरी फळं. काजूचं बोंडू हा फुगलेला देठ, फळ खाली लटकतं ते.

पायरी ७: टेकडीवर जाताना

वेताळ टेकडी, तळजाई, पाषाण, कुठेही जा, पण रानफूल तोडू नका आणि कंद तर मुळीच उकरू नका. सह्याद्रीतल्या कितीतरी वनस्पती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, आणि कंदीलपुष्पासारखी एखादी दिसली तर तिचा एकच वेल त्या उतारावर असू शकतो. चिरायला बागेतली, बाजारातली किंवा खाली पडलेली फुलं घ्या. टेकडीवर गुडघ्यावर बसायचं आणि भिंग डोळ्याशीच ठेवून चेहरा फुलाकडे न्यायचा.

पावसाळ्यात तेरडा बघा: मागे जी वाकडी शेपटी असते ती पाकळीची नसून एका रंगीत निदलाची. फेब्रुवारीच्या सुमारास काटेसावर आणि पांगारा पानं झाडून फुलतात. काटेसावरीचं पडलेलं फूल हे जास्वंदीचं थोरलं भावंडच, त्यात पुंकेसर गठ्ठ्यागठ्ठ्यांनी असतात. उन्हाळ्यात बहाव्याचे दहा पुंकेसर तीन मापांचे निघतात: तीन लांब वळलेले, चार मध्यम, तीन खुरटलेले. गुलमोहोराची एक पाकळी बाकीच्या चारांपेक्षा वेगळी, पांढऱ्या-पिवळ्या नक्षीची. ताम्हणाच्या, म्हणजे आपल्या राज्यफुलाच्या, पाकळ्या सहा. एकबीजपत्रींची फुलं साधारण तीनच्या पटीत आणि द्विबीजपत्रींची चार किंवा पाचच्या पटीत असतात, पण ताम्हण द्विबीजपत्री असूनही सहावर जातो. म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नका, शिराही बघा.

वहीत प्रत्येक झाडाला पाच ओळी द्या: पानाची मांडणी, निदल किती आणि सुटी की जुळलेली, दलं किती, पुंकेसर किती आणि कशाला चिकटलेले, अंडाशय वर की खाली. तगरीसाठी अशी नोंद होईल: पानं समोरासमोर, तोडल्यावर चीक; निदलं पाच, बारीक; दलं पाच, खाली नळी, वर भिरभिऱ्यासारखा पीळ; पुंकेसर पाच, नळीला आतून चिकटलेले; अंडाशय वर. तारीख आणि जागा लिहायला विसरू नका.

नाव विचारायला कुणाला फोटो पाठवणार असाल तर फक्त समोरून काढलेल्या फुलावरून बहुतेक वेळा काही सांगता येत नाही. चार फोटो काढा: अख्खं झाड, पान जिथे खोडाला लागतं ती बगल, फूल समोरून, आणि फूल बाजूने, निदल आणि देठ दिसतील असं. जमलं तर फळाचाही. गणेशखिंडीच्या वनस्पती उद्यानात, ज्याला २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, आणि एम्प्रेस गार्डनमध्ये जुने, मोठे वृक्ष शांतपणे बघता येतात. एम्प्रेसमधलं फुलांचं प्रदर्शन जानेवारीत भरतं, तेव्हा भिंग खिशात ठेवून जा. तिथल्या दुहेरी, संकरित फुलांत कोणत्या पाकळ्या मुळात पुंकेसर होत्या, ते आता तुम्हाला शोधता येईल.